बोट फिरवलंस का

बुदाई, २४ फेब्रुवारी

यान-तिंग यास,

मी त्साय बाओ-ग्वेई. मिंग-शुनची थोरली बहीण. त्याच्या अंत्यविधीला तू मागच्या रांगेत उभा होतास आणि जेवायला न थांबता निघून गेलास. तू ठेवलेल्या पैशांच्या पांढऱ्या पाकिटावर तुझा शिन्चूचा पत्ता होता, म्हणून लिहिते. शाळेत मी चार वर्षं गेले, त्यातलं एक आजारपणात गेलं. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. फोन करणार नाही. फोनवर माणसं गोड बोलतात.

कामाचं सांगते. शुन गेल्याला दीड महिना झाला, पण त्याच्या खोलीतलं मशीन अजून चालू आहे. मी हात लावलेला नाही. खाली शेडमध्ये कालवं फोडत बसलं की वर पंखा घुरघुरायला लागतो. खोलीत कुणी नाही, बटण कुणी दाबत नाही. पाच-सात मिनिटं घुरघुरतो, आणि मग बंद पडलेल्या शेवयांच्या हॉटेलातून शुनने आणलेलं ते पावत्या छापायचं डबडं कर्रकन कागद बाहेर टाकतं. कधी टाकतं, कधी टाकत नाही. कागदावर कुणाचं तरी विचित्र नाव असतं. खाली 'अमक्या ओळीच्या शेवटी उगाच मोकळी जागा', 'तमकी ओळ फार लांब', असलं काहीबाही. आणि अगदी शेवटी, प्रत्येक कागदावर, 'बोट फिरवलंस का?'

हे वाक्य माझं आहे. आई गेली तेव्हा शुन सहा वर्षांचा होता आणि मी पंचवीसची. त्याला मी शेडमध्ये शेजारी बसवून कालवं फोडायला शिकवलं. कालवाला कवचाची कपची चिकटून राहिली तर खाणाऱ्याचा दात जातो. म्हणून टोपात टाकायच्या आधी त्यावरून बोट फिरवायचं. डोळ्याला कपची दिसत नाही, बोटाला लागते. त्याने कालव टोपात टाकलं की मी विचारायची, बोट फिरवलंस का? दिवसातून शंभरदा. तो चिडायचा. आता तो मला विचारतोय.

गावात काय बोलतात ते तुला माहीत नसेल. शुन गेला त्या दिवशी खाजणात पाच घरची माणसं होती. सगळ्यांच्या फोनवर शुनची ती भरतीची घंटा वाजली, सगळे परत आले. एकटा शुन आला नाही. ज्याने घंटा बनवली त्यालाच ऐकू आली नाही काय, असं म्हणतात आणि माझ्याकडे बघून गप्प होतात. म्हणजे त्याला यायचंच नव्हतं, असं त्यांना म्हणायचंय. मी देव्हाऱ्यातल्या त्याच्या नावाच्या पाटीसमोर कौलाचे दोन लाकडी चंद्र टाकून विचारलं, तू मुद्दाम राहिलास का? तीनदा टाकले. तीनदा दोन्ही उताणे पडले. म्हणजे हसतोय. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, हसतोय.

तू त्याच्याबरोबर काम करायचास. ते मशीन कोण चालवतंय ते सांग.

— बाओ-ग्वेई


शिन्चू, २ मार्च

बाओ-ग्वेईताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. त्या दिवशी न थांबता निघालो, त्याबद्दल माफ करा.

मशीन कुणीही चालवत नाही, आणि म्हटलं तर आम्ही सगळेच चालवतो. भरतीची घंटा हा प्रोग्रॅम मिंग-शुनदादाने सुरू केला, पण आता आम्ही अकरा जण आपापल्या गावी बसून तो लिहितो. पगार कुणालाच नाही. कुणी काही बदललं की ते आधी स्वतःच्या घरी जोडून बघायचं. सगळा प्रोग्रॅम त्यासकट उभा राहतो का, चाचण्या पार होतात का, लिहिण्याची ठरलेली शिस्त पाळली का. मग तीन चौकटींत खुणा करायच्या: जोडून पाहिलं, चाचण्या चालवल्या, शिस्त तपासली. त्यानंतरच 'माझा बदल घ्या' अशी विनंती पाठवायची. ती दादाच्या मशीनकडे जाते. मशीन सगळं पुन्हा एकदा तपासतं, तेव्हा पंखा फिरतो. चूक सापडली तर पावती निघते. सगळं ठीक असेल तर काहीच निघत नाही.

वरची विचित्र नावं आमची टोपणनावं आहेत. शेवटचं वाक्य दादाने लिहून ठेवलेलं आहे. ते तुमचं आहे हे मला माहीत नव्हतं. घाबरू नका, त्यात दादा नाही.

गावातल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.

— चोउ यान-तिंग


बुदाई, ९ मार्च

यान-तिंग यास,

मी घाबरले असं कुठे लिहिलंय? परत वाच.

तू सांगितलंस ते समजलं. सोपं तर आहे. कालवं आपल्या घरी तपासायची, मग व्यापाऱ्याकडे पाठवायची, व्यापारी पुन्हा तपासतो. यात एवढं शिकण्यासारखं काय आहे की शुनने तैपेईला सहा वर्षं काढली, देव जाणे. पण एक विचारते. घरी न बघताच कुणी चौकटीत खूण केली तर? आमच्याकडे शेजारची सून करते तसं. टोप भरला की 'झालं हो, बघितलं' म्हणते, आणि तिच्या टोपात हमखास कपची.

आता दुसरं. मशीनवर शुनने मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पुडकं ठेवलं होतं, मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. त्याची तारीख फेब्रुवारीतच संपली. तारीख गेलेलं पुडकं ठेवलं तर मशीन बिघडतं असं तोच सांगायचा, म्हणून मी नवीन आणलं. दुकानात हिरवं नव्हतं, पिवळं होतं. पिवळं ठेवलं. जुनं फोडून खाल्लं, मऊ पडलं होतं.

पावत्या मी फेकल्या नाहीत. शुन त्या टेबलावरच्या खिळ्याला टोचून ठेवायचा. त्याच्या हयातीतल्याही आहेत. सगळ्या बिस्किटांच्या डब्यात भरल्या. दुपारी कालवं संपली की एकेक काढून वाचते. समजत नाही, पण वाचते. एका पावतीवर त्याने पेनाने लिहिलंय, 'ताईकडे चार दिवस बसवा याला.' वाचून हसू आलं. मग हसू आलं म्हणून राग आला.

गावातल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका म्हणतोस. तू शिन्चूला राहतोस. मी रोज त्याच शेडमध्ये, त्याच सहा बायकांमध्ये बसते.

— बाओ-ग्वेई


शिन्चू, १४ मार्च

बाओ-ग्वेईताई,

पिवळं पुडकं कृपा करून लगेच काढा. पिवळं म्हणजे थांब. हिरवं म्हणजे चालू राहा. हसू नका, आमच्या कंपनीत साहेबसुद्धा दर सहा महिन्यांनी स्वतः बदलतात. सोबत दोन हिरवी पाठवतोय, तारखा पाहून घेतल्या आहेत.

खरं तर याहून चांगलं म्हणजे मशीन बंदच करा. मागची तार काढली की झालं. तपासणीचं काम आम्ही दुसरीकडे हलवू शकतो. ते सुरू राहिलं तर तुम्हाला त्रास होतो, आणि मलाही ते बरं वाटत नाही. पावत्याही जाळून टाका, दादाच्या नावाने कागद जाळाल तेव्हा त्यातच. त्यात जपून ठेवण्यासारखं काही नाही. मोकळ्या जागा आणि लांब ओळी, बाकी काही नाही.

फेब्रुवारीनंतर कुणी नवीन बदल पाठवलेला नाही, म्हणून आता पंखाही फिरणार नाही.

काळजी घ्या.

— यान-तिंग


बुदाई, २७ मार्च

यान-तिंग यास,

तू म्हणालास पंखा फिरणार नाही. १७ तारखेला फिरला. २० ला फिरला. २४ ला दोनदा फिरला. चारही वेळा दुपारी अडीचच्या सुमाराला. चार पावत्या निघाल्या. प्रत्येक पावती हातभर लांब. चारही पावत्यांवर नाव एकच, करडा बगळा.

तू फेब्रुवारीनंतर कुणी नाही म्हणालास आणि महिना अगदी ठामपणे सांगितलास. मग तुला हे माहीत कसं नाही?

पहिल्या पावतीला मला वाटलं शुनच आहे. खोटं बोलत नाही, मी वर जाऊन त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, काय हवंय ते एकदाच सांग, असं तुकड्यातुकड्याने नको. दुसरी पावती आल्यावर मी दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. अक्षर न् अक्षर सारखं. तिसरी, चौथी, तेच. भूत माणसाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं म्हणतात, म्हणून मी डबा उपडा केला. शुनच्या वेळच्या पावत्यांत तसलीच अजून एक सापडली. करडा बगळा, ८ जानेवारी. शुन ९ ला गेला.

त्यात एकेचाळीस ओळी आहेत. मी प्रत्येकीवरून बोट फिरवलं. चाळीस ओळींत तुझ्या त्या मोकळ्या जागा आणि लांबी. एकेचाळिसावी वेगळी आहे. ती उतरवून काढते: 'चाचणी सात पार झाली नाही. घंटा भरतीच्या एक तास आधी वाजायला हवी. भरती लागल्यावर वाजते.'

हा मोकळ्या जागेचा मामला नाही, एवढं मला कळतं.

आता मी तुला न सांगितलेलं सांगते. मशीन बंद कर म्हणतोस आणि मी करत नाही, त्याला कारण आहे. ९ तारखेला शुन खाजणात स्वतःहून गेला नाही. माझी कंबर धरली होती. पार टोकाला असलेल्या आमच्या कालवांच्या मांडवाच्या दोऱ्या बांधायच्या राहिल्या होत्या. मी त्याला म्हटलं, दिवसभर त्या खोलीत बसून बायकांसारखा नखं बघत असतोस, एकदा तरी बापाच्या खाजणात पाय घाल. सगळ्यांसमोर म्हटलं. तो हसला आणि चपला काढून गेला. त्यानंतर तो आलाच नाही. गावातल्या लोकांना वाटतं तो जगाला कंटाळला. मला वाटतं तो माझ्या बोलण्याला कंटाळला. अडीच महिने मी हेच घेऊन झोपते.

करडा बगळा कोण, ते लिही.

— बाओ-ग्वेई


बुदाई, ५ एप्रिल

यान-तिंग यास,

आज थडगी झाडायचा दिवस. शुनचं थडगं नवीन, त्यावर झाडण्यासारखं काही नव्हतं. तरी झाडलं. सगळ्या घरांनी आपापल्या माणसांसाठी कागद जाळले. मी पावत्या जाळल्या नाहीत.

तुझं उत्तर नाही. पण पाचवी पावती आली.

— बाओ-ग्वेई


शिन्चू, ८ एप्रिल

बाओ-ग्वेईताई,

करडा बगळा मी आहे.

हे पत्र मी नऊ वेळा लिहिलं. ही दहावी खेप. जे घडलं ते सरळ लिहितो.

डिसेंबरात मी घंटेच्या वेळेचं गणित नव्याने लिहायला घेतलं. जुनं गणित दादाचं होतं. ते बरोबर होतं, पण मला ते गचाळ वाटायचं. ८ जानेवारीला संपवलं. घरी जोडून पाहिलं नाही. चाचण्या चालवायला वीस मिनिटं लागतात, मला बाहेर जायचं होतं. तिन्ही चौकटींत खुणा केल्या आणि पाठवून दिलं.

दादाच्या मशीनने ते घेतलं नाही. त्याने फोन केला, अरे बगळ्या, हातभर पावती निघाली तुझी. मी म्हटलं, सगळी शिस्तीची भानगड आहे दादा, मोकळ्या जागा, उद्या सकाळी साफ करतो, बाकी घरी चालवून पाहिलंय. त्याने विचारलं, नक्की चालवलंस? मी हो म्हटलं. तो म्हणाला, बरं, घेतो. आणि मशीन नको म्हणत असताना त्याने हाताने दार उघडलं.

तुम्हाला एक माहीत नसेल. कुठलाही नवा बदल दादा लोकांना लगेच देत नसे. आधी एक दिवस फक्त स्वतःच्या फोनवर चालवायचा. म्हणायचा, बिघडलं तर माझंच बिघडू दे. म्हणून त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर जुनी घंटा होती आणि ती वेळेवर वाजली. माझी घंटा फक्त त्याच्या फोनवर होती.

सगळे निघाले तेव्हा त्याचा फोन गप्प होता. त्याला वाटलं असेल, अजून तासभर आहे. मागे परतीच्या वाटेवरचा चर त्याच वेळी पाण्याने भरत होता.

१० तारखेला बातमी कळल्यावर मी माझा बदल काढून टाकला, कुणाला न सांगता. फोन समुद्रात गेला होता. कुणाला कधी कळलं नसतं. अंत्यविधीला तुम्ही माझ्यापुढे जेवायचं ताट केलंत तेव्हा मी पळालो.

मार्चपासून मी तोच जुना बदल जसाच्या तसा पुन्हा पाठवतोय. दुपारी, तो गेला त्या वेळेला. वाटायचं, एकदा तरी मशीन चुकेल, एकदा तरी एकेचाळिसावी ओळ येणार नाही आणि मला म्हणता येईल की कुणालाच कळलं नसतं. ते चुकत नाही. तुमच्या घरी पावती निघते हे मला माहीत होतं. तरी मी पाठवत राहिलो. तुमच्या घरात जे काही फिरत होतं, ते मी होतो.

तो तुमच्या बोलण्याने गेला नाही, ताई. त्याला परत यायचं होतं. घंटेची वाट बघत होता तो.

पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा. पोलिसांकडे जायला सांगाल तर जाईन.

— चोउ यान-तिंग


बुदाई, ११ एप्रिल

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग सुरी घेतली आणि संध्याकाळपर्यंत कालवं फोडली. हात कापला.

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण शिव्या तोंडी द्याव्या लागतात.

शुनने जाताना मला काय म्हटलं तेही मी तुला सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं ते काही नाही. दारातून म्हणाला, घंटा वाजली की येतो, चहा टाकून ठेव. मी चहा टाकला होता.

पोलिसांना तुझं काय करायचं ते कळणार नाही. त्यांना तुझी भाषा समजायला सहा वर्षं लागतील. १८ तारखेला शुनचा शंभरावा दिवस आहे. सकाळी शेडमध्ये यायचं. सहा बायका असतील, त्यांचे नवरे असतील. मला जे लिहिलंस ते उभं राहून त्यांना सांगायचं. मोठ्याने. कठीण शब्द वापरायचे नाहीत. या वेळी जेवल्याशिवाय जायचं नाही.

आणि ती जुनी घाण माझ्या घरी पुन्हा पाठवू नकोस.

— बाओ-ग्वेई


शिन्चू, २५ एप्रिल

बाओ-ग्वेईताई,

सुखरूप पोहोचलो.

मी बोलून संपवल्यावर त्या शेजारच्या सुनेने विचारलं, 'म्हणजे शुनचा फोन वाजलाच नाही?' आणि मी नाही म्हटल्यावर ती रडायला लागली, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही रडला नाहीत. मला सुरी दिलीत आणि म्हणालात, बस. मी दिवसभरात एक टोप भरला, तुम्ही त्यातून सात कपच्या काढल्यात आणि सातही माझ्यासमोर फळीवर ओळीने मांडल्यात.

बाकीच्या दहा जणांनाही सगळं लिहून कळवलं. दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. बाकीच्यांनी ठरवलं की माझं काम कुणीतरी एक जण शेजारी बसून पाहील, मगच ते पाठवायचं. मला मान्य आहे.

वेळेचं गणित मी दुरुस्त केलंय. दादाचंच जुनं गणित ठेवलं, फक्त चक्रीवादळाच्या दिवसांसाठी लागणारी भर घातली. घरी जोडून पाहिलं. चाचण्या तीनदा चालवल्या. प्रत्येक ओळीवरून, पडद्यावर खरोखर बोट ठेवून, गेलो. २८ तारखेला दुपारी अडीचला पाठवेन. तुम्ही नको म्हणालात तर पाठवणार नाही.

— यान-तिंग


बुदाई, २९ एप्रिल

यान-तिंग यास,

काल मी दोनलाच कालवं आवरली. हात धुतले आणि वर जाऊन शुनच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर मी आजवर बसले नव्हते. तिचा एक पाय लुळा आहे, कधी बोलला नाही मला.

हिरवं पुडकं जागेवर होतं. तारीख बघितली.

अडीचला पंखा घुरघुरला. मी पावत्यांच्या डबड्याखाली हात धरून बसले. मला तुझी चूक हवी होती. एक मोकळी जागा, एक लांब ओळ, काहीही. कागद निघाला असता, शेवटी त्याने मला विचारलं असतं आणि मी म्हटलं असतं, फिरवलं रे बाबा, फिरवलं.

पंखा थांबला. काही निघालं नाही. मी चार वाजेपर्यंत हात धरून बसले होते. खाली शेडमधून हाका आल्या तेव्हा उठले.

म्हणजे तुम्ही सगळ्यांनी नीट काम केलंत तर तो बोलणार नाही. हे मला आधी कळलं नव्हतं, काल कळलं.

मशीन मी बंद करणार नाही. पुडकं बदलत जाईन. खाजणात आज सात घरची माणसं आहेत आणि सगळ्यांच्या खिशात ती घंटा आहे.

तू नीटच काम कर.

— बाओ-ग्वेई